काकूंचा तिसरा डोळा

कॅनडात बरीच वर्षे काढलेल्या मराठी इंजिनिअरच्या बेसमेंटमध्ये एक खोके असतेच. त्यात जुन्या तारा, ॲडॅप्टर आणि नावगाव नसलेले सुटे भाग. "हे कधी टाकणार?" हा सौ.चा प्रश्न आणि "लागेल कधीतरी" हे आमचे ठरलेले उत्तर. गेल्या डिसेंबरात ते खरोखरच लागले.

आमच्या परिचयाच्या एका काका-काकूंचे स्कारबरोमध्ये छोटेसे दुकान आहे. काका ७४ वर्षांचे. मागच्या दाराची पायरी थंडीत काचेसारखी गुळगुळीत होते. दोन हिवाळ्यांपूर्वी काका तिथे घसरून पडले, ते काकूंना गल्ल्याजवळच्या छोट्या पडद्यावर दिसले, म्हणून वेळेवर धावता आले. तेव्हापासून काका मागे गेले की काकूंचे लक्ष पडद्याकडे. आणि आता तोच काळाकुट्ट! मुलगा कॅलगरीहून म्हणाला, "नवा कॅमेरा घ्या, फोनवर दिसेल." काकू म्हणाल्या, "अरे, गिऱ्हाईक समोर उभं असताना मी फोन कुठं चाचपडत बसू?"

आम्ही शिडी लावली. कॅमेरा ठणठणीत होता, दुखणे लेन्सचे होते. या लेन्समध्ये डोळ्याच्या बाहुलीसारखी लहानमोठी होणारी झडप असते, तिला आयरिस म्हणतात. बर्फावरचे ऊन डोळे दिपवू लागले की ती आकसते, पाचच्या आत अंधारले की उघडते. वीज पोचली नाही तर स्प्रिंग तिला मिटूनच ठेवते. म्हणून हा काळोख.

आमच्या खोक्यात त्याच मापाची लेन्स निघाली, पण प्लग कापलेला, नुसत्या चार तारा लोंबताहेत. तीनच तारा असत्या, तर ती 'व्हिडिओ' जातीची असती: वीज, सिग्नल आणि ग्राउंड, शिवाय ॲम्प्लिफायर लेन्सच्या पोटात. चार तारा म्हणजे 'डी.सी.' जात. तिच्यात दोन कॉइल, एक झडप हलवणारी आणि दुसरी तिला आवर घालणारी. (आमच्या घरात ही कामे कोणाकडे आहेत ते सांगायला नको!)

तारांच्या रंगांवर भिस्त ठेवू नये, प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. मल्टिमीटरने जोड्या लावल्या. एक भरली सुमारे १९० ओहम, दुसरी ५०० च्या आसपास. कमी ओहमची ती हलवणारी. तिला क्षणभर दोन सेल लावले, झडप उघडली. सेल उलटे लावले, तर ढिम्म. झाले, धन-ऋण समजले. चौकोनी प्लगवर १ आणि २ या पिना आवरणाऱ्या कॉइलच्या, ऋण आणि धन. ३ आणि ४ हलवणाऱ्या कॉइलच्या, धन आणि ऋण. आवरणाऱ्या कॉइलची दिशा मात्र कॅमेऱ्यावर चढवूनच कळते. ती उलटी असेल तर चित्र उजेड-अंधार असे हेलकावे खात राहते, मग वीज बंद करून त्या दोन तारांची अदलाबदल करायची. कॅमेऱ्याच्या कुशीतले बटणही 'डी.सी.'वर हवे.

काम चालू असताना काकांना सांगितले, की या कॅमेऱ्यातली सी.सी.डी. चिप १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली. २००९ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. बॉईल जन्माने नोव्हा स्कोशियातल्या ॲमहर्स्टचे. "म्हणजे आपल्या कॅनडाचाच की!" काका खूश झाले आणि मिठाची बादली घेऊन मागे गेले.

पडदा उजळला. पायरी दिसली, बर्फ दिसला, मीठ पसरणारे काका दिसले. आम्हाला वाटले, काकू आता शाबासकी देणार. त्या उठल्या आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, टोपी घाला आधी!"