वाजल्यावर येणार कोण?

घराला अलार्म बसवताना मी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाहिले, सायरन वाजवून पाहिला, अ‍ॅप चालवून पाहिलं. तो वाजला तर दारात कोण येणार, हे मात्र विचारलं नाही. चोराला आमच्या घरात हवा तेवढा वेळ मिळाला तो त्यामुळे.

आम्ही बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, गरुडाचारपाळ्याच्या एका गल्लीत राहतो. 2007मध्ये महापालिकेत सामील होईपर्यंत महादेवपुऱ्याला स्वतंत्र नगरपालिका होती. आयटी कंपन्यांबरोबर आमच्यासारखी बाहेरगावची कुटुंबं इथे आली. सणाला सगळेच आपापल्या गावी जातात आणि घरांना ओळीने कुलपं लागतात. म्हणूनच अलार्म घ्यायचं ठरवलं. दोन-तीन ठिकाणचे दर मागवून स्वस्तातलं पॅकेज निवडलं, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. करारात ‘मॉनिटरिंग’ लिहिलेलं होतं. त्यात नेमकं काय येतं, ते वाचलं नाही. आईने तेव्हाच विचारलं होतं, “अरे, वाजलं तर येणार कोण?” “कंपनीची माणसं असतात गं,” म्हणून मी विषय संपवला.

दुसरी चूक सेन्सरच्या जागेची. हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. त्याच्यासमोरून कोणी आडवं गेलं तर तो चटकन टिपतो, सरळ त्याच्या दिशेने चालत आलं तर उशिरा. ऊन येणाऱ्या खिडकीकडे त्याचं तोंड असू नये. वायर दिसू नये म्हणून मीच तो पश्चिमेच्या खिडकीसमोर लावून घेतला. दुपारी उन्हात पडदा हलला की सायरन सुरू. शेजारी सुरुवातीला धावत आले, मग येईनासे झाले. जागा बदलून घ्यायचं मी पुढे ढकलत राहिलो आणि त्या आवाजावरचा त्यांचा विश्वास माझ्या चालढकलीने गेला.

गणपतीत आम्ही कोल्हापूरला असताना रात्री बाल्कनीचं दार उचकटलं गेलं. दारावरच्या चुंबकी सेन्सरने आपलं काम केलं. सायरन वाजला आणि ठरलेल्या वेळाने थांबला. कंपनीच्या नियंत्रण कक्षातून फोनही आला. पण आमच्या करारातलं मॉनिटरिंग म्हणजे मालकाला फोन करणं, एवढंच होतं. माणूस पाठवण्याची सोय त्यात नव्हती. मी फक्त स्वतःचा नंबर दिला होता आणि माझा फोन सायलेंटवर होता. लॅपटॉप, पूजेची चांदीची भांडी आणि आजीने आईला दिलेल्या पाटल्या गेल्या. डीव्हीआर टीव्हीखाली उघडाच होता. चोराने तोही नेला, त्यामुळे पोलिसांना दाखवायला चित्रणही उरलं नाही.

नंतर एकेक गोष्ट तपासली, तेव्हा आणखी चुका सापडल्या. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता, म्हणजे वीज गेली की अलार्मचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत होता. सिमकार्डवरही चालणारं उपकरण थोड्या जास्त पैशांत मिळत होतं, ते मी नाकारलं होतं. अ‍ॅपचं मुख्य खातं बसवणाऱ्या तंत्रज्ञाच्या नंबरवर होतं आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. 2016मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. माझ्या कामामुळे मला हे सगळं ठाऊक होतं, तरी स्वतःच्या घरी मी ते लागू केलं नाही.

पुढे गल्लीतल्या घरांनी मिळून रात्रीचा पहारेकरी ठेवायचं ठरवलं. या वेळी आधी कागद मागितले. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला 2005च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. पहारेकऱ्याची पूर्वपडताळणी व्हावी लागते, आणि केंद्राच्या नमुना नियमांत त्याच्यासाठी 100 तासांचं वर्गातलं आणि 60 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. परवाना दाखवायला टाळाटाळ झाली, तिथून आम्ही निघून आलो. आता अलार्मच्या यादीत माझ्यानंतर समोरच्या घराचा आणि पहारेकऱ्याचा नंबर आहे. गावी जाताना पोलीस ठाण्यात कळवतो. 112 कधी लावायचा, हेही सगळ्यांचं ठरलेलं आहे. डीव्हीआर कुलपात आहे, आणि सायरन दर महिन्याला शेजाऱ्यांना सांगून वाजवून बघतो.

अलार्म घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे. सही करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा: रात्री दोन वाजता हा वाजला तर पहिला फोन कोणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, आणि दारात कोण, किती वेळात पोचेल? उत्तर लेखी घ्या. ते गुळमुळीत असेल तर उपकरण कितीही चांगलं असलं तरी पैसे देऊ नका. आणि दर मागवायच्याही आधी समोरच्या घरी जा, ओळख करून घ्या, नंबर घ्या. रात्री सर्वांत लवकर पोचू शकेल असं माणूस बहुधा तिथेच राहतं.