शिशमचं कपाट

बंदूक अर्धी लाकडाचीच असते. नळी, चाप, घोडे पोलादाचे. पण खांद्याला टेकतो तो दस्ता अक्रोडाचा, कैक वर्षांच्या तेलानं आणि हातांच्या घामानं काळसर झालेला. म्हणून तिला ठेवायलाही लाकूडच हवं, असं आमचे शेजारी ठाकूरसाहेब म्हणाले, तेव्हा मला ते पटून गेलं. वडिलांच्या पश्चात परवाना त्यांच्या नावावर झाला, जुनी दुनळी गावाकडून लखनौच्या चिनहटमधल्या घरी आली आणि लोखंडी कपाटात सुनेच्या साड्यांमागे उभी राहिली. हे त्यांना रुचेना. लाकूड निवडायला त्यांनी मला सोबत घेतलं, कारण माझं माहेर सावंतवाडीचं. सावंतवाडी म्हणजे लाकडी खेळणी, एवढं त्यांनी कुठंतरी वाचलेलं. भोवरे आणि बंदुकीचं कपाट यांत फार अंतर नसावं, असा त्यांचा हिशेब.

बंदुका मात्र मी खेळण्यांइतक्याच पाहिल्या आहेत. सिंधुदुर्गात शेती संरक्षणासाठी परवाने मिळतात; रानडुकरं आणि माकडं यांना नुसत्या हाकाट्या पुरत नाहीत. ठासणीची बंदूक माजघरात खुंटीवर, जरा उंच, एवढीच तिची सुरक्षा. तिच्याखाली आम्ही मुलं सोंगट्या खेळायचो. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

देवा रोडच्या बाजूला मिस्त्रीचं दुकान आहे. भुशाचा वास, फेविकॉलचे रिकामे डबे, भिंतीला टेकवलेल्या फळ्या. त्यानं अंगठा ओला करून एका फळीवर घासला. तेवढ्याशा ओलीत शिशम जागं झालं: तपकिरीत काळ्या रेषा, एका गाठीशी वळून पुढं गेलेल्या. ठाकूरसाहेब तिथंच हरले. सहारनपूरचं कोरीव काम, पुढं काचेचं दार, आत हिरवी बनात, वर पितळी मूठ. पाहुण्यांच्या खोलीत, सोफ्यासमोर. मिस्त्री मान डोलवत कागदावर आकडे मांडू लागला.

लाकडाचे गुण मला मान्य आहेत. लखनौची हवा टोकाची. मे-जूनमध्ये लू सगळं करपवते, श्रावणात भिंती घामेजतात, जानेवारीत धुकं दुपारपर्यंत हलत नाही. लाकूड ही ओल सावकाश शोषतं, सावकाश सोडतं. पोलादी पेटीत हवा गार पडली की तिचं पाणी थेट धातूवर उतरतं. अक्रोडाचा दस्ता कोरड्यात तडकतो, त्यालाही लाकडाची सोबत मानवते. पण लाकूड लाकडात फरक असतो. वस्तुसंग्रहालयांतले जाणकार ओकच्या कपाटाला बिचकतात, कारण त्यातून अॅसिटिक आम्लाची वाफ निघत राहते आणि शिसं पांढरं पडतं. ताज्या प्लायवुडचा गोंदही निर्दोष नव्हे. शिशम मुरलेलं असलं तर चालेल, कच्चं असलं तर दार वर्षभरात वाकडं. आणि ती देखणी बनात? ओल धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. नळी जिथं टेकते तिथंच गंज.

मिस्त्रीनंच शेवटी खरी गोष्ट सांगितली, जरा ओशाळून. शिशम कितीही जड असो, एक पहार आणि पाच मिनिटं पुरतात. काच असेल तर पहारही नको. लाकूड बंदूक जपतं, माणसाला अडवत नाही.

हत्यार कुणाच्याही हाती जातं, हे चिनहटमध्ये राहून कळायला मिस्त्री लागावा, याचं मला हसू आलं. 30 जून 1857 ला इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्स लखनौच्या रेसिडेन्सीतून फौज घेऊन निघाला तो इथंच, इस्माइलगंजाजवळ, बंडवाल्यांचा मार खाऊन परतला. गोरे शिपाई उपाशी, ऊन भाजणारं, कुकरैलचा पूल ओलांडून पळापळ. सोबत हत्तीनं ओढलेली आठ इंची हॉवित्झर होती. ती मागं राहिली, बंडवाल्यांच्या हाती. दोन दिवसांनी, 2 जुलैला, रेसिडेन्सीत लॉरेन्सच्या खोलीत गोळा फुटला आणि त्याची मांडी चिरडली. आदल्याच दिवशी त्याच खोलीत एक गोळा पडून गेलेला. दुसरा नेमका तिथंच कसा येईल, असं त्यानं हसण्यावारी नेलं होतं. 4 तारखेला तो गेला. गोळा त्याच हॉवित्झरचा होता, असं सांगतात. नंतर इंग्रजांनी अवधची हत्यारं गोळा केली तेव्हा दीड लाखांहून जास्त बंदुका जमा झाल्या आणि दीड हजारांहून जास्त गढ्या पाडल्या गेल्या. बंदुकीवर ज्याचा हात, त्याची ती. मालकी वगैरे नंतर.

आजही देशात सर्वाधिक शस्त्रपरवाने उत्तर प्रदेशात आहेत. इथं बंदूक रानडुकरासाठी कमी, खांद्यासाठी जास्त. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस एवढी, की शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत त्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठरवावी लागली. एका माणसाकडची हत्यारंही तिनावरून दोनावर आली. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार तर परवाना मागतानाच हत्यार सुरक्षित कसं ठेवणार ते दाखवावं लागतं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात नाहीतर दुकानदाराकडे जमा करावी लागू शकते. म्हणजे ते कोरीव कपाट ऐन निवडणुकीत सोफ्यासमोर रिकामं उभं राहायचं, हेही मी ठाकूरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "भाभीजी, आप तो दिल तोड़ती हैं."

काचेला माझा विरोध मात्र थट्टेचा नव्हता. समोर दिसणारी बंदूक रोज बोलावते. पोराटोरांना, रागावलेल्या माणसाला, आणि ज्याला त्या रात्री जगणं नकोसं झालंय त्याला. चोर एखाद्या वर्षी येईल न येईल. घरातली माणसं रोज घरात असतात. दाराला कुलूप म्हणजे त्या माणसाला मिळालेली दहा मिनिटं. कपाट जितकं सुंदर, तितकी त्यातली वस्तू मिरवायची. आणि मिरवायची वस्तू कुलपात कोण ठेवतं?

बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं. आत पोलादी पेटी, मागून विटांच्या भिंतीत बोल्ट मारलेली; वरून शिशमची साल. काच नाही. बिजागऱ्या आतून, म्हणजे बाहेरून स्क्रू काढता येणार नाहीत. बनातीऐवजी तेलकट न होणारे लाकडी आधार, तळाशी सिलिका जेलची डबी, दर पावसाळ्यात बदलायची. दुनळी रिकामी, नळी खाली करून. तेल दस्त्यात उतरत नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. कोरीव काम ठाकूरसाहेबांनी सोडलं नाही, वरच्या पट्टीवर वेलबुट्टी आहेच. जागा सोफ्यासमोरून हलून जिन्याखाली गेली. दिवाळीआधी देतो म्हणून मिस्त्रीनं आगाऊ रक्कम घेतली.

निघताना सुनेनं एकच विचारलं: दुसरी चावी कुणाकडे? ठाकूरसाहेब म्हणतात मुलाकडे, सून म्हणते बँकेच्या लॉकरमध्ये. नातू सहा वर्षांचा आहे आणि आजोबांच्या सगळ्या चाव्या कुठं असतात ते त्याला पाठ आहे.