आधी पोटभर पाणी
शनिवार-रविवारची सुट्टी संपली, आजपासून पुन्हा लाईट, म्हणजे किरणोपचार. कॅन्सरची गाठ तर काढली, मग हे कशाला, असं आत्याने परत विचारलं. ओटीपोटात न दिसणाऱ्या पेशी उरल्या असतील तर, म्हणून! एकूण ५०.४ ग्रे, पण रोज जेमतेम १.८, मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात. लाईटच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून बसायचं, कारण भरलेलं मूत्राशय आतड्यांना किरणांच्या वाटेतून वर ढकलतं. टेबलावर मी पालथा. कमरेवरचे गोंदलेले ठिपके लेझरच्या रेषेशी जुळवतात. किरण जाणवतच नाहीत, जाणवते ती लघवीची कळ. खरा वैताग घरी: सारखी शौचाला धाव, वर आग. कोमट पाण्याच्या टबात बसलं की जरा बरं वाटतं. आत्या मात्र अजून मेथी वाढते. मी आपला पोटाला सोसणारा दहीभात मागतो.