सहीची भीती

२०२४ च्या जून महिन्यात माझी कर्ज विभागातून प्रशिक्षण विभागात बदली झाली. आमची बँक नागरी सहकारी, सातारा जिल्ह्यातली, तेवीस शाखांची. प्रशिक्षण विभाग म्हणजे मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि आता मी. साहेब म्हणाले, "मॅडम, ऑगस्टपासून ट्रेनिंग सुरू करू. केवायसी, मयत क्लेम, बनावट नोटा. वर्षाचा आराखडा पंधरा दिवसांत द्या." मी हो म्हणाले आणि खुर्चीत येऊन बसले. माझी अकरा वर्षं सात-बारा, सर्च रिपोर्ट आणि तारणाच्या कागदांत गेली होती. चाळीस माणसांना बँकेचं काम कसं शिकवतात, याची मला काहीच कल्पना नव्हती.

कपाटात मागच्या वर्षांच्या फायली होत्या. हजेरीपत्रक, गटाचा फोटो, व्याख्यात्यांना पाठवलेलं आभाराचं पत्र, अभिप्रायाचे फॉर्म. ते सगळे फॉर्म मी वाचून काढले, कारण दुसरं काय वाचावं हेच सुचत नव्हतं. जवळपास प्रत्येकाने 'कार्यक्रम उपयुक्त वाटला' असं लिहिलं होतं. शाखेत परत गेल्यावर कोणी कोणतं काम वेगळ्या रीतीने केलं, हे एकाही कागदावर सापडलं नाही. कोणी विचारलेलंच नव्हतं.

मग मला जे येत होतं ते मी केलं. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं काढली आणि जेएआयआयबीच्या परीक्षेसाठी एकेकाळी केला होता तसा अभ्यास केला. नियम सुटू नये म्हणून तो स्लाइडवर, आणि स्लाइड भरली की पुढची. एकूण ८४ स्लाइड झाल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी मुख्य कार्यालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. महाबळेश्वर, पाटणकडची मंडळी पहाटे घरून निघून आली होती. दिवसभर मी बोलले, शेवटी वीस प्रश्नांची चाचणी घेतली. बहुतेकांना पंधराच्या वर गुण मिळाले. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यालयात एक तक्रार आली. पाटणकडच्या एका मावशींचे यजमान वारले होते. त्यांची १ लाख ८० हजारांची मुदत ठेव होती आणि नॉमिनी म्हणून मावशींचंच नाव नोंदलेलं होतं. तरी शाखेने त्यांच्याकडे वारस दाखला मागितला होता. दर वेळी एसटीने येऊन मावशी चार वेळा परत गेल्या होत्या. ज्या लिपिकाने दाखला मागितला, त्याने माझ्या चाचणीत वीसपैकी अठरा गुण मिळवले होते. उत्तरपत्रिका काढून पाहिली. 'नॉमिनी नोंदलेला असल्यास वारस दाखला मागावा का?' या प्रश्नासमोर त्याने स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं होतं.

मला वाटलं, विसरला असेल. त्या आठवड्यात मी शिकण्या-विसरण्याबद्दल मिळेल ते वाचत होते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वात वेगाने विसरलं जातं. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलं की उजळणीचा कागद तयार करूनच मी त्या शाखेत गेले.

तो काही विसरला नव्हता. त्याने मला नियम धडाधड म्हणून दाखवला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, नियम पाठ आहे मला. पण त्यांचा थोरला मुलगा येऊन गेला. म्हणाला, आईला पैसे दिलेत तर बँकेला कोर्टात खेचीन. उद्या तसं झालं, तर व्हाउचरवर सही माझी आहे."

त्याने कपाटातून एक जुनी फाइल काढली. पाच वर्षांपूर्वीचा असाच एक क्लेम, नॉमिनी नोंदलेला, पैसे नियमाप्रमाणे दिलेले. पण नंतरच्या तपासणीत कोणीतरी शेरा मारला होता : 'इतर वारसांची संमती घेतलेली दिसत नाही.' त्या शेऱ्याला कोणी ठाम उत्तर दिलं नाही. त्याऐवजी हा माणूस मयताच्या तीन मुलांच्या गावी जाऊन सह्या गोळा करत फिरला. तेव्हापासून त्या शाखेत नॉमिनी असो नसो, प्रत्येकाकडे वारस दाखला मागतात.

मी उजळणीचा कागद पिशवीतून काढलाच नाही.

रात्री परिपत्रक पुन्हा उघडलं. नॉमिनीला पैसे देताना बँकेने तीन गोष्टी बघायच्या असतात. आलेली व्यक्ती नॉमिनीच आहे आणि खातेदाराचा मृत्यू झाला आहे, याची कागदोपत्री खात्री. पैसे देऊ नयेत असा सक्षम न्यायालयाचा आदेश बँकेकडे आलेला नाही ना, हे पाहणं. आणि हे पैसे वारसांचे विश्वस्त म्हणून मिळत आहेत, वारसांचा हक्क यामुळे बुडत नाही, हे नॉमिनीला स्पष्ट सांगणं. एवढं केलं की बँक मोकळी. म्हणजे मुलाचा काही हक्क असेल तर त्याने तो आईकडे मागावा. बँकेने पैसे देऊ नयेत असं वाटत असेल तर कोर्टाचा आदेश आणावा. नुसत्या धमकीने बँकेचा हात थांबत नाही. त्या लिपिकाला नेमकं हेच ऐकायला हवं होतं. विश्वस्त असण्याचा तो मुद्दा मी ऑगस्टमध्ये वाचला होता. स्लाइडवर जागा पुरत नव्हती, म्हणून मीच तो गाळला होता. हे आठवलं की अजून मन खातं.

मावशींचे पैसे त्याच आठवड्यात मिळाले. शाखाधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

मी साहेबांकडे परवानगी मागितली : शाखांमध्ये जाऊन नुसतं बसायचं आहे, शिकवायचं नाही. दोन शाखा, चार-चार दिवस. काउंटरच्या आत एका स्टुलावर वही घेऊन बसले आणि काम जिथे अडेल तिथे लिहीत गेले. पहिल्याच दिवशी दिसलं की जुन्या खात्यांचं नामांकन कागदी फॉर्मवर आहे, पण बँकेच्या संगणक प्रणालीत, म्हणजे सीबीएसमध्ये, चढवलेलंच नाही. स्क्रीन म्हणते नॉमिनी नाही, आणि लिपिक स्क्रीनवर विश्वास ठेवतो. याला प्रशिक्षण कशाला हवं? रेकॉर्ड रूममधून फॉर्म काढून नोंदी करायला दोन माणसं हवी होती. माझ्या आराखड्यातला एक अख्खा दिवस तिथेच रद्द झाला.

दुसऱ्या शाखेतला एक प्रसंग मात्र माझ्या मनात घर करून राहिला. कॅशवर सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी होती. एक भाजीवाल्या आजी बचत गटाचा हप्ता भरायला आल्या आणि त्यांच्या पैशांतली पाचशेची एक नोट मशीनने बाजूला टाकली. मुलीने ती उजेडात धरून पाहिली, बोट फिरवून पाहिली. बनावटच होती. नियम तिला माहीत होता : अशी नोट परत करायची नाही, तिच्यावर शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची, आणून देणाऱ्याला पावती द्यायची. एका वेळी चारपर्यंत नोटा सापडल्या तर पोलिसांना महिन्याचं एकत्रित विवरण जातं. पाच किंवा जास्त सापडल्या तर लगेच एफआयआर. ही सगळी माहिती माझ्या स्लाइडवर होती.

आजी म्हणाल्या, "पोरी, सकाळपासनं हीच एक मोठी नोट आली गं हातात. दे की माघारी, ज्याची त्याला देते."

मुलगी एकदम गप्प झाली. एका हातात शिक्का, दुसऱ्यात नोट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मलाही काय बोलावं ते सुचेना. शेवटी हेड कॅशियर उठून आले, आजींना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सावकाश सगळं समजावलं. आठ मिनिटं लागली. मागे रांग वाढली, पण ते जागचे हलले नाहीत. तीस वर्षांची नोकरी झालेला तो माणूस जे बोलला, ते मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. "मावशी, तुम्ही फसवलं असं कोणी म्हणत नाही. तुम्हीच फसलाय. पण ही नोट परत दिली तर उद्या तुमच्यासारखंच आणखी कोणी फसेल, आणि कायदाही मला ती देऊ देत नाही. ही घ्या पावती." हे मी कोणत्याच परिपत्रकात वाचलं नव्हतं. आमच्याच बँकेत, पंधरा फुटांवर, हे ज्ञान बसलेलं होतं, आणि निवृत्तीबरोबर ते घरी जाणार होतं.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघांचं १९७० सालचं एक पुस्तक आहे, माणसं अपेक्षित काम का करत नाहीत याची कारणं शोधणारं. त्याबद्दल मी पुढे वाचलं. त्यांचा मुख्य प्रश्न असा, की या माणसाला ते काम येतच नाही, की येतं पण दुसरं काहीतरी आडवं येतंय? हा प्रश्न जूनमध्ये कोणी माझ्यासमोर ठेवला असता, तर मावशींच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या का? मला वाटतं, निदान दोन तरी वाचल्या असत्या.

सगळ्यात अवघड गेलं ते तपासणी विभागाच्या साहेबांशी बोलणं. मला ते प्रशिक्षणात हवे होते. ते म्हणाले, "आमचं काम चुका दाखवायचं. शिकवणं तुमच्याकडे." मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी एवढंच मागितलं : नॉमिनी असलेल्या मयत क्लेमच्या फायलीत तुम्ही काय काय बघाल, ते मला लिहून द्या. त्यांना दोन दिवस लागले. चार ओळी आल्या, आणि त्यांत वारसांच्या संमतीचा उल्लेख नव्हता. तो कागद मी कायदा अधिकाऱ्यांना दाखवला आणि दोघांच्या सह्या घेऊन छापला. प्रत्येक काउंटरच्या काचेखाली एक. त्या लिपिकाच्या हातात दिला तेव्हा त्याने मजकूर नंतर वाचला, आधी खालच्या सह्या पाहिल्या.

नव्या पद्धतीत हॉल नाही, स्लाइड नाहीत. काउंटर सव्वादहाला उघडतं. त्याआधी साडेनऊपासून चाळीस मिनिटं, शाखेतच, शाखाधिकाऱ्यांसह सगळे. नावं झाकलेली एक खरी, निकाली निघालेली फाइल टेबलावर ठेवायची. पैसे द्यायचे की नाहीत, हे प्रत्येकाने आधी स्वतः कागदावर लिहायचं, मग बोलायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी दाखवलं होतं, की नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्याभरानंतर जास्त लक्षात राहतं. म्हणून मी आठवड्याने परत जाते, आणि पुन्हा महिन्याने, दर वेळी वेगळी फाइल घेऊन. एकीत आधारवरचं नाव आणि नामांकनातलं नाव जुळत नाही. एकीत नॉमिनीच नाही.

आणि ग्राहकाशी बोलणं प्रत्यक्ष करून पाहायचं. त्या लिपिकाच्या शाखेत थोरल्या मुलाचं काम शिपाई काकांनी केलं. पंचवीस वर्षं दाराशी उभं राहून त्यांनी असली भांडणं इतकी ऐकली होती की त्यांना काही शिकवावं लागलं नाही. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "माझ्या बापाचा पैसा हाय. आईला द्यायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला?" लिपिकाचा आवाज पहिल्या वेळी थरथरला. दुसऱ्या वेळी त्याने काचेखालच्या कागदाकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी काकांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "दादा, तुमचा हक्क कुठं जात नाही. तुमच्या आईंना आम्ही विश्वस्त म्हणून पैसे देतोय. ते थांबवायचे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, त्याच दिवशी थांबवतो." काका खाली बसले. शाखाधिकारी म्हणाले, हे मलाही एकदा म्हणून बघू द्या.

सगळीकडे जमलं असं नाही. साताऱ्यातल्या मोठ्या शाखेत दोन वेळा ठरलेलं सत्र रद्द झालं, सकाळची चाळीस मिनिटं तिथे निघतच नाहीत, आणि त्यावर मला अजून तोड सापडलेली नाही. पण क्लेम रजिस्टरला मी एक रकाना वाढवून घेतला आहे : 'ग्राहक कितव्यांदा आला'. पैसे मिळेपर्यंत घातलेली प्रत्येक फेरी त्यात धरायची. दर महिन्याला मी अभिप्रायाच्या फॉर्मआधी तो रकाना बघते. त्या लिपिकाच्या शाखेत आता तिथे बहुतेक वेळा १ किंवा २ असतो. ४ दिसला की मी फोन उचलते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून नामांकनाचे नियम बदलले. ठेवीदाराला आता चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच. काचेखालचे सगळे कागद काढून नवे लावायचे होते. मी तपासणीच्या साहेबांकडे निघाले, तर तेच नवा मसुदा घेऊन माझ्या टेबलाशी आले होते.

त्याच आठवड्यात त्या लिपिकाचा फोन आला. "मॅडम, टक्केवारी लिहून चौघं नेमले, आणि त्यातला एक ठेवीदाराच्या आधीच गेला, तर त्याच्या वाट्याचं काय करायचं? लोक हे विचारणार बघा." मी कायदा अधिकाऱ्यांकडून उत्तर लेखी घेतलं, त्याचा प्रश्न फायलीत सगळ्यात वर लावला आणि गुरुवारी साडेनऊला त्याच्याच शाखेत पोहोचले. शिपाई काकांनी आधीच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मला पाणी देत त्यांनी विचारलं, "ताई, या वेळी मी कोण?"