ज्येष्ठमध आणि माझं बीपी



थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं बीपी सापडलं ते दातांच्या डॉक्टरकडे. इथे अमेरिकेत बरेच डेंटिस्ट दात बघण्याआधी दंडाला पट्टा बांधतात. आकडा आला १५८/९६. "तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या," असं बाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आत्ताच कॉफी प्यायलोय, शिवाय पलीकडे ड्रिलचा आवाज चालू, कुणाचंही वाढेल! आणि वर्षभर विसरून गेलो. त्रास काहीच नव्हता ना. खरं तर मला तरी हे कळायला हवं होतं. बाबांनी २००३ मध्ये "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी परस्पर बंद केली आणि चार महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

असो. वर्षाने डॉक्टरकडे गेलो तर १५२/९४. त्यांनी लगेच गोळी दिली नाही. दंडाला बांधायचं मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा म्हणाले. मोजण्याचीही रीत असते हे तेव्हा कळलं. आधी बाथरूमला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. बोलायचं नाही. (बायको म्हणाली, तेवढी पाच मिनिटं तरी घरात शांतता!) सरासरी आली १४६/९२. इथे २०१७ पासून १३०/८० च्या पुढे गेलं की बीपी वाढलेलं धरतात, भारतात अजून साधारण १४०/९० धरतात. मी दोन्हीकडे नापास.

लिसिनोप्रिल सुरू झालं. लोणचं-पापड कमी केले, आकडा १३० च्या आसपास आला. मग महिन्याभरात कोरडा खोकला लागला. रात्री झोप नाही. आईला फोनवर ऐकू गेला, ती म्हणाली, "अरे, ज्येष्ठमधाची काडी धर तोंडात." इंडियन स्टोअरमधून पुडा आणला. दिवसभर काडी आणि रात्री त्याचाच काढा.

खोकला तसाच. पण तीन आठवड्यांनी बीपी पुन्हा १५० च्या वर, आणि घोट्यांवर मोज्यांचे वळ उठायला लागले. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? मी ठामपणे "नाही." ज्येष्ठमधाला औषध म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही! मग त्यांनी विचारलं, लिकरिस खाता का? ते काय असतं हेच मला माहीत नव्हतं. खोकल्याची उबळ आली म्हणून खिशातली काडी काढली, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि कपाळाला हात लावला.

ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. मग शरीर सोडियम आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम मात्र बाहेर टाकतं. म्हणजे मी एका हाताने गोळी घेत होतो आणि दुसऱ्या हाताने बीपी वाढवत होतो. आणि तो खोकला? तो मुळात लिसिनोप्रिलचाच! या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना येतो. काडी बंद झाली, गोळी बदलून लोसार्टन मिळालं. तीन-चार आठवड्यांत खोकला गेला. आता बीपी १२६/७८ च्या आसपास असतं. आईला हे सांगायला मला महिना लागला. ती म्हणाली, "आमच्या वेळी नव्हतं बाई असं काही."

गेल्या डिसेंबरात सांगलीला गेलो तेव्हा दादासाठी एक मशीन नेलं. त्याचं १६४/१०० आलं. "मशीन बिघडलंय तुझं," म्हणाला. माझ्या दंडाला लावून दाखवलं, १२८/८०. पुन्हा त्याला लावलं, १६२/९८. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही रे." मी बाबांच्या खुर्चीकडे बघितलं, तोही तिकडेच बघत होता. सोमवारी आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. आता दर रविवारी तो मला व्हॉट्सॲपवर आकडे पाठवतो. या रविवारी अजून आलेले नाहीत, संध्याकाळी फोन करणार आहे.