एक गाडी, चाकांच्या दोन जोड्या

लोहारा ते यवतमाळ हा रोजचा पल्ला पक्क्या रस्त्याचा. शिवारात उतरलं की पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की मडगार्डखाली बोट शिरत नाही. एक्सपल्स २०० सारख्या मोटारसायकलचं २१ इंची स्पोकचं पुढचं चाक तिथे कामाला येतं. त्यावर जाड खाचांचा टायर असेल तर डांबरावर तो भणभणतो, लवकर झिजतो, ओल्या वळणावर भरवसा देत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीपेक्षा चाकांची दुसरी जोडी मला शहाणपणाची वाटते. मात्र त्या जोडीला स्वतःच्या डिस्क, बेअरिंग, स्पेसर आणि तितक्याच दात्यांचं स्प्रॉकेट हवं; नाहीतर दर रविवारी पान्यांचा पसारा!

कुणी म्हणेल, मग १७ इंचीच घाला, शहरी ऐट येईल. पण ९०/९०-२१ च्या जागी १००/८०-१७ बसवलं तर पुढचा भाग सुमारे ५ सेंटिमीटर खाली येतो. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर काटा सहाव्या हिश्श्याने फुगतो, एबीएसचं गणितही बिघडू शकतं. शिवाय गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. तेव्हा माप मूळचंच, टायर फक्त रस्त्याचा. खर्चाचा आक्षेप खरा आहे. पण विमा एकाच गाडीचा, आणि खाचांचा टायर चिखलासाठी शाबूत राहतो.