माचनूरचे रेडिओ केंद्र

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलात, की नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातले हुमनाबाद अशी गावे मागे पडत जातात. तेलंगणाच्या हद्दीत शिरल्यावर पहिले मोठे बाजाराचे गाव लागते ते जहीराबाद. आपल्याकडची कितीतरी माणसे या रस्त्याने जातात. कोणी हैदराबादला दवाखान्यासाठी जाते, तर कोणी झरासंगमच्या केतकी संगमेश्वराच्या दर्शनाला. पण त्याच झरासंगम मंडलात माचनूर नावाचे एक लहानसे गाव आहे आणि तेथे शेतमजूर आणि अल्पभूधारक बायांनी चालवलेले रेडिओ केंद्र आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. वाचकहो, आज आपण त्या गावाला जाऊन येऊ.

मुलूख आपल्या मराठवाड्याच्या शेजारचाच. माती मात्र पुष्कळ ठिकाणी लाल आणि मुरमाड. पाणी टिकत नाही, थर पातळ. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्या शेतात ऊस दिसतो. बाकीच्यांचा भरवसा पावसावर. ज्वारी, तूर, राळा, वरी, हुलगा, जवस, करडई ही इथली जुनी पिके. एकाच तुकड्यात पाच-सहा, कधी दहा-बारा जातींची मिसळ करून पेरायची, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते, ही इथल्या बायांची रीत. आपल्याकडची पाभरीवरची जुनी माणसे ही रीत लगेच ओळखतील.

संघम म्हणजे काय?

या भागात १९८३ पासून ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ ही संस्था काम करीत आली आहे. तिचे मुख्य ठाणे जहीराबादला लागूनच असलेल्या पस्तापूरला. दूरदर्शनवर निर्माते म्हणून काम केलेले पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. २०२३ च्या मार्चमध्ये ते वारले. संस्थेने गावोगाव बायांचे गट बांधले. त्यांना तिकडे ‘संघम’ म्हणतात. यातल्या बहुतेक बाया दलित घरांतल्या. पडीक जमिनी लागवडीखाली आणणे, गावचे बियाणे गावात राखणे, धान्याची पेढी चालवून अडल्या घराला ज्वारी देणे अशी कामे या बायांनी केली. दरवर्षी संक्रांतीपासून जुन्या वाणांची जत्रा निघते. बैलगाड्या सजवतात, मडक्यांतून आणि टोपल्यांतून बियाणे मांडतात आणि गाड्या गावोगाव हिंडतात.

आता तुम्ही विचाराल, बियाणे राखणाऱ्या बायांना रेडिओ कशाला हवा झाला?

त्याचे उत्तर साधे आहे. रेडिओ त्या ऐकतच होत्या. पण रेडिओवरची तेलुगू ही शहरातली, पुस्तकातली. शेतीचा सल्ला यायचा तो बागायतीचा, खताच्या गोण्यांचा आणि संकरित बियाण्यांचा. राळ्याबद्दल कोणी बोलत नव्हते. खुरपताना म्हणायची गाणी त्यांच्या बोलीत होती आणि ती बोली रेडिओवर नव्हती. ज्याच्या घरी कधी कोणी काही विचारायला येत नाही, त्याला आपले ज्ञान हे ज्ञानच वाटेनासे होते. बायांना आपला रेडिओ हवा होता तो यासाठी.

दहा वर्षांची वाट

युनेस्कोच्या मदतीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माचनूरला केंद्राची सोय उभी राहिली. शेजारीच संस्थेची ‘पच्चसाले’, म्हणजे हिरवी शाळा, आहे. जागा आली, यंत्रे आली, बाया शिकल्या. पण परवाना मिळेना. त्या वेळी आपल्या देशात हवेतून आवाज पाठवण्याचा हक्क सरकारपाशीच होता. त्यामागचा तार कायदा १८८५ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळचा.

मग या बायांनी काय करावे? त्यांनी कार्यक्रम करणे सोडले नाही. टेपवर मुलाखती, गाणी, शेतीची माहिती भरून ठेवली आणि त्या कॅसेटी गावोगावच्या संघमच्या बैठकांत वाजवून दाखवल्या. अशी दहाएक वर्षे गेली. रेडिओ केंद्र होते, पण त्याचा आवाज हवेतून जात नव्हता.

या गोष्टीत एका मराठी माणसाचे नाव येते, ते आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. क्रिकेटचे सामने दूरचित्रवाणीवर कोणी दाखवायचे, यावरून १९९३ मध्ये एक तंटा उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात सांगितले, की हवेतील रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे आणि त्यावर एकट्या सरकारची मक्तेदारी असू नये. भांडण क्रिकेटचे होते, पण निकालाचा उपयोग खेड्यापाड्यांना झाला. गावच्या गायरानावर जसा साऱ्या गावाचा हक्क, तसाच हवेवरही, असे आपण समजू.

तरीही सरकारी पावले सावकाशच पडली. २००१ मध्ये शहरांतून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिले सामुदायिक केंद्र निघाले, कारण तेव्हा परवाना फक्त शिक्षणसंस्थांना मिळत होता. नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण बदलले आणि स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. त्यानंतर १५ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक ग्रामीण महिला दिनी, माचनूरचे ‘संघम रेडिओ’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागले. उद्घाटनाला आले होते तेच न्यायमूर्ती सावंत. पुढे २०२१ मध्ये ते पुण्यात वारले.

केंद्राचा दिवस

केंद्राचे नाव निघाले की दोन नावे हमखास येतात. दोघीही नरसम्मा! ओळख पटावी म्हणून एकीला तिच्या गावावरून आल्गोल नरसम्मा म्हणतात आणि दुसरीला जनरल नरसम्मा. दोघी गरीब दलित कुटुंबांतल्या. ध्वनिमुद्रण, संगणकावरची जुळवाजुळव, ट्रान्समीटरची देखरेख ही सारी कामे त्या शिकल्या आणि देशोदेशीचे लोक त्यांचे काम पाहायला माचनूरला येऊन गेले.

कार्यक्रमाची वेळ ठरली ती संध्याकाळी सात ते नऊ. ही वेळ का, ते घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावे लागणार नाही. शेतातून परतलेली बाई त्या वेळी चुलीपुढे असते. हात भाकरीत असले तरी कान मोकळे असतात. टीव्हीपुढे बसून राहावे लागते, रेडिओला तसे लागत नाही.

पण दोन तासांच्या बोलण्यामागे दिवसभराचे काम असते. बाया रेकॉर्डर पिशवीत घालून गावात जातात. कोणाची पेरणी चालू असेल तर बांधावर बसून विचारायचे: बी कुठले, किती वर्षे राखले, कीड लागू नये म्हणून काय करतेस? एखाद्या म्हातारीकडून बाळंतिणीची गाणी घ्यायची. झाडपाल्याच्या औषधाची जाणती बाई असेल तिला बोलते करायचे. पोरांच्या गोष्टी, सणाचे पदार्थ, राळ्याचा भात कसा शिजवावा, जनावराच्या दुखण्यावर काय करावे असे सारे त्यात येते. मग केंद्रावर येऊन खोकला, मध्येच ओरडलेला कोंबडा, तीनदा सांगितलेले वाक्य काढून टाकायचे आणि कार्यक्रम लावायचा.

माइकपुढे बसणे पहिल्यांदा सोपे नसते. जिला आयुष्यभर ‘तुला काय कळतंय’ हेच ऐकावे लागले, तिला समोरची बाई विचारते, ‘अक्का, तुम्ही हे कसे करता?’ (आपण ताई म्हणतो तशी तिकडे अक्का.) ती आधी लाजते, मग बोलू लागते. तिचा आवाज रात्री गावात ऐकू आला, की दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला चार जणी थांबवून विचारतात. या एका गोष्टीसाठीसुद्धा केंद्र चालवणे सार्थकी लागते.

खर्च कोणी करायचा?

इथे आपण जरा थांबू, कारण खरा प्रश्न हाच आहे. वीज लागते, यंत्र बिघडते, काम करणाऱ्या बाईला घर चालवायचे असते. पैसा कुठून यावा?

अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले गेले. कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावात १५ एप्रिल १९४९ रोजी ‘केपीएफए’ नावाचे केंद्र सुरू झाले. लुईस हिल या गृहस्थाचे म्हणणे असे, की जाहिरातदाराचा पैसा घेतला तर त्याच्या मर्जीने बोलावे लागते. म्हणून ऐकणाऱ्यांनीच वर्षाला दहा डॉलर द्यावेत. ऐकणाऱ्यांपैकी शंभरातल्या दोघांनी दिले तरी भागेल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब लगेच जमला नाही. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसा संपला आणि केंद्र बंद पडले. तेव्हा ऐकणारेच पुढे आले, त्यांनी वर्गणी उभी केली आणि १९५१ च्या मे महिन्यात केंद्र पुन्हा बोलू लागले. त्याच रीतीने चालणारी केंद्रे पुढे अमेरिकेत कितीतरी निघाली.

माचनूरच्या बाईकडे दहा डॉलर नाहीत. तिच्या केंद्राला संस्थेचा आधार आहे. पण ऐकणाऱ्यांचा आधार म्हणजे फक्त रोकड, असे धरण्याचे कारण नाही. गाणे ती देते, माहिती ती देते, वेळ ती देते. ऐकणारीच बोलणारी असल्यामुळे कार्यक्रम विकत आणावे लागत नाहीत. शहरातल्या केंद्राला ज्यासाठी पैसा मोजावा लागतो, ते इथे घराघरांतून येते.

तरीही पैशाची चिंता सुटत नाही. आपल्या देशात अशा केंद्रांना २००६ मध्ये तासाला पाच मिनिटे जाहिराती घेण्याची मुभा होती. २०२४ च्या नियमांत ती बारा मिनिटे झाली. जाहिरातीने केंद्र तगते, हे खरे. पण कालपर्यंत घरच्या बियाण्याबद्दल बोलणाऱ्या केंद्राला उद्या बियाण्याच्या कंपनीने पैसे देऊ केले, तर काय करावे? हा पेच देशातल्या प्रत्येक लहान केंद्रापुढे केव्हा ना केव्हा येतो. ज्या केंद्रामागे ऐकणारे उभे असतात, त्याला नाही म्हणणे परवडते.

आपल्या घरची गोष्ट

हे सारे तिकडचे झाले, असे म्हणू नका. रेडिओपुढे बसून शेतकऱ्यांनी आपसांत बोलावे, हा प्रयोग भारतात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाला तो आपल्याकडेच. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका लिहून पुण्याला पाठवायच्या. दहा आठवडे हे चालले आणि कित्येक गावांत चर्चेतून कामेही उभी राहिली. त्या वेळी शेतकऱ्याचा प्रश्न टपालाने पुण्याला जात होता. आता सामुदायिक केंद्रात शेतकरी स्वतःच माइकपुढे बसतो, एवढा फरक पडला आहे.

महाराष्ट्रातही अशी केंद्रे निघाली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ मध्येच सुरू झाली. बारामतीला ‘वसुंधरा वाहिनी’ निघाली, सांगलीच्या जत भागात ‘येरळावाणी’ निघाली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात असा आवाज पोहोचत असेल, तर फक्त ऐकून बंद करू नका. आजीला येणारी ओवी, आजोबांनी राखलेला ज्वारीचा वाण, पाऊस लांबला तेव्हा तुम्ही काय केले, हे जाऊन सांगा. जमेल तेव्हा दहा-वीस रुपयांची मदतही करा. आणि माचनूरला जाणार असाल, तर संक्रांतीनंतरच्या दिवसांत जा. बियाण्यांच्या गाड्या त्या सुमारास त्या मुलखात हिंडत असतात. संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या घराच्या ओट्यावर बसायला मिळाले, तर बसा. तेलुगू कळली नाही तरी चालेल. खुरपणीच्या गाण्याचा ठेका तुम्हाला ओळखीचा वाटेल.